तात्पुरतं लिहायचं असतं

वेबसाइटचा सर्व्हर सांभाळणारा तो पुस्तकांच्या दुकानात पहिल्यांदा आला, तेव्हा ती नाकावर माशी बसू देत नव्हती. दुकानाची नवी वेबसाइट तिने हौसेने उभी केली होती, आणि आता कुठल्याही पुस्तकावर क्लिक केलं की ‘संपर्क’चंच पान उघडत होतं. दुकानाची मालकीण, म्हणजे तिची मावशी, डोकं धरून बसली होती.

“पानांच्या जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांवर पाठवायचे नियम कुणी लिहिले?” त्याने विचारलं.

“मीच. ओळ न् ओळ तपासलीय.”

“मग सगळ्यांना संपर्कावर धाडणारा हा नियम अगदी वर कसा? खालच्या नियमांची पाळीच येत नाही.”

तिने मुकाट्याने ती ओळ खाली नेली, पान पुन्हा उघडलं... तरीही ‘संपर्क’च. तो हसला. तिला राग यायला हवा होता, आला नाही.

“नियम आता बरोबर आहे. पण तुम्ही ‘कायमचा बदल’ असं लिहिलं होतंत — ब्राउझरने ते मनावर घेतलं. आता तो जुनंच उत्तर धरून बसलाय, सर्व्हरला पुन्हा विचारायलाच जात नाही. चाचणी चालू असताना ‘तात्पुरता’ लिहायचं असतं.”

ब्राउझरची आठवण पुसली, काम झालं. तो मात्र येतच राहिला — कधी बॅकअपचं निमित्त, कधी मावशीच्या चहाचं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मग एका संध्याकाळी जिन्यात त्याने विचारलं, “आपण... लग्न करू या?”

तिची ताई नुकतीच संसार मोडून घरी परतली होती. लग्नाचं नाव ऐकताच ती घाबरली, आणि घाबरली की तिची जीभ तिखट व्हायची. “कधीच नाही. पुन्हा विचारूही नकोस.”

त्याने मान डोलावली. नंतरही तो आला, कामं केली, ताईची चौकशी केली. तिची भीती हळूहळू विरली. तो आला की ती मुद्दाम जिन्यापर्यंत सोडायला जायची, रेंगाळायची... तो विचारायचा नाही.

आणि आज त्याच जिन्यात तो म्हणाला, “माझं लग्न ठरलंय.”

तिने कठडा घट्ट धरला. “मला वाटलं — तू पुन्हा विचारशील.”

“तू ‘कधीच नाही’ म्हणाली होतीस.”

“माझी चाचणी चालू होती रे.”

“मग ‘तात्पुरतं’ म्हणायचंस ना गं,” तो हळूच म्हणाला.

तो जिना उतरू लागला. वळणावर त्याची पावलं थांबली. तिच्या ओठांवर हाक आली होती, पण आता तिकडे कुणीतरी त्याची वाट पाहत होतं. तिने ती गिळली, आणि पावलं पुन्हा खाली गेली.