सात घरांचं मेलेलं बी

साखरशेतापलीकडच्या पाड्यावर सात घरांनी रोपांसाठी राब भाजून भात पेरलं, आणि सातही राबांत एक कोंब उगवला नाही. आठवा राब विधवा सुकरीचा. तो तेवढा हिरवागार! मग काय, भगत माघ्यानं तांदूळ मांडून निकाल दिला: ही भुताळी, हिनंच सातांचं बी खाल्लं. दिवस मावळायच्या आत पाडा सोडायचा.

मोखाड्याच्या चुरी मास्तरांच्या कानांवर हे गेलं आणि त्यांचं डोकं सणकलं. ते तडक जव्हारला जाऊन रघुवीर टिपणिसांना घेऊन आले. टिपणीस पूर्वी कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. आता खाजगी तपास करत.

सुकरी दारात गाठोडं बांधून बसली होती.

"बी कुठलं पेरलंस?" टिपणिसांनी विचारलं.

"वखारीतला. समद्यांचा तोच."

मास्तरांनी खुलासा केला. गेल्या साली वणव्यात कणग्या जळाल्या, म्हणून यंदा आठही घरांनी बी लाकडाच्या ठेकेदाराच्या दगडी वखारीत एकत्र ठेवलं होतं.

"तू कधी नेलंस?"

"आखातीलाच. माना बैल नाय, मानूस नाय. पावसाआधी धुळीत पेरला. बाकीच्यांनी पाऊस लागल्यावर नेला."

"आखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, टोपलीत बी रुजवून पाहता ना? ते कुठलं होतं?"

"त्याच ढिगातला. आठी घरच्या टोपल्या हिरव्या झाल्या. माघ्याची पन." तिनं उरलेलं मूठभर बी पुढे केलं.

टिपणिसांनी दाणा दातांनी फोडला. आत पिठासारखा पांढरा.

मग ते माघ्याकडे गेले. त्याचं घरही त्या सातांतलंच.

"पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकलंत?"

"टाकला. एक दाना तरंगला नाय. असा भारी बी, तरी रुजला नाय. भुताळी नाय तर काय?"

"वखारीत कोण जातं?"

"कोन नाय. किल्ली ठेकेदाराच्या मुनीमाकं. आमाला दारातच मापून दिला."

मुनीम वामनराव मूळचे मालवणचे, मोठे अगत्याचे. त्यांनी पाहुण्यांपुढे उकड्या तांदळाची पेज ठेवली. "आम्हाला याच्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. भात घरीच उकडतो, वाळवतो, लागेल तसं कांडतो."

"दारात मांडव दिसतो."

"ज्येष्ठात लेकीचं लग्न झालं. दोनशे पानं, सगळी नाशिककडची. पांढऱ्याशुभ्र भाताचं कौतुक करत गेली मंडळी!"

मास्तर पेजेत रमले. टिपणिसांनी वखारीत मापताना सांडलेलं बी मागितलं. दाणा फोडला, तर आत काचेसारखा.

"ज्याचं जितकं, तितकं मापून परत दिलंय," मुनीम म्हणाले. "आणि त्या बाईला लवकर हलवा. बीसुद्धा ठेवू नका तिचं घरात."

ऊन कलताना सगळा पाडा वखारीपुढे जमला.

"मास्तर, बी म्हणजे काय?" टिपणिसांनी विचारलं.

"धान्य."

"नाही. जीव! सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंत तर प्रत्येक सजीव पेशींचा बनलेला दिसतो. तुम्ही, मी आणि दाण्याच्या टोकाला निजलेला हा कोंबही. निजला तरी तो श्वास घेतो. उकळत्या पाण्यात घातला की मरतो. त्याच्यासाठी साठवलेलं पीठ तेवढं शिजून काचेसारखं होतं. पोट भरतं, पण रोप येत नाही. आखातीला हे बी जिवंत होतं, आठ टोपल्या साक्षीला आहेत. पावसाला ते मेलेलं निघालं. मधल्या काळात किल्ली एकाच्याच हाती, आणि मधल्या काळात लग्न. मुनीम, तुमच्या घरी सगळं भात उकडलेलं. मग नाशिककरांना पांढरा भात कुठून वाढलात?"

वामनराव गडबडले. "मापाला माप घातलं हो मी! त्यांचं जितकं कांडलं, तितकंच घरचं उकडलेलं ओतलं. पायलीभरही ठेवून घेतलं नाही. भात ते भात!"

"मिठाच्या पाण्यालाही तसंच वाटलं. ते वजन ओळखतं, जीव ओळखत नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला कळलं नाही, हे मी मानतो. पण सात राब ओस पडले तेव्हा कळलं. आणि तुम्ही गप्प बसलात! बाईला हलवा म्हणालात, तिचं बी हलवा म्हणालात. कारण खरं बी तिच्याच घरात उरलं होतं."

याच माणसाच्या घरची पेज आपण मिटक्या मारत प्यायलो, याचीच मास्तरांना शिसारी आली. त्यांनी वामनरावांच्या कमरेची किल्ली हिसकावली. "उद्या खोडाळ्याच्या बाजारातून सात घरांचं बी आणायचं. स्वतःच्या डोक्यावरून!"

लोक पांगू लागले. माघ्याही मान खाली घालून निघाला.

"थांब," सुकरी म्हणाली. "भुताळी कोन? सांग."

"कोन नाय," माघ्या पुटपुटला.

"मोठ्यान सांग. तवा मोठ्यान बोललास."

माघ्यानं इकडेतिकडे पाहिलं. त्याच्यासाठी कुणी पुढे झालं नाही.

"भुताळी कोन नाय!" तो ओरडला.

"आता घरोघर जा," सुकरी म्हणाली, "आन परत्येक दारात असाच वरड."