कारल्याच्या मांडवातला बांबू

कारल्याच्या मांडवाला एक बांबू कमी पडत होता, सुरुवात एवढ्याशाच गोष्टीने झाली. चैत्र सरत आला होता. विहिरीच्या पाण्यावर वेल तरारला होता आणि मांडवाचा एक कोपरा खाली लोंबत होता. एका सकाळी आनंदाबाई सडा टाकायला अंगणात आल्या, तर कोपरा वर उचललेला. किसनरावांनी कुठूनसा जाड पेरांचा हिरवा बांबू आणून तिथे रोवला होता. नवरा मुळातच काटकसरी. चांगली वस्तू वाया गेलेली त्यांना बघवत नसे. बांबू रोवताना त्यांच्या उजव्या तळहातात बांबूची बारीक काडी, फास, घुसली होती. ती आनंदाबाईंनी सुईने टोकरून काढली आणि वर हळद-चुना भरला. फास पुरती निघाली की थोडी आत राहिली, ते रक्तामुळे कळलं नाही.

दोनचार दिवसांत हात कोपरापर्यंत टम्म सुजला. मग अंगात हुडहुडी भरली. बाहेर ऊन रणरणत असताना किसनराव गोधडीत कुडकुडत होते. लघवी बंद झाली, बोलणं असंबद्ध झालं. मुलाने, रजतने, शेजाऱ्याची जीप आणली. गिरडची टेकडी मागे पडली, जामच्या फाट्यावरचे ढाबे मागे पडले, तरी किसनराव डोळे उघडेनात. मात्र एक गोष्ट आनंदाबाईंच्या ध्यानात आली. जीपमध्ये ते सरळ बसतच नव्हते. उजवा खांदा खाली गेला होता, जणू त्यावर कुणी ओझं ठेवलं होतं.

हिंगणघाटच्या दवाखान्यात त्यांना काचेच्या खोलीत ठेवलं. आत फिनेल आणि कुजक्या जखमेचा मिळून एक गोडसर वास होता. डॉक्टर पौर्णिमाबाई तरुण होत्या, पण समजावून सांगणाऱ्या. त्या म्हणाल्या, हाताच्या जखमेतले जंतू रक्तात गेले आहेत, त्यामुळे बीपी खचलंय. सलाईन भरपूर दिलं, अँटिबायोटिक सुरू आहे, बीपी चढवायचं औषध पंपाने चाललंय, तरी ते वर येत नाही. शरीराचं स्वतःचं बळ संपलंय. आता स्टेरॉइडची सुई द्यावी लागेल, ठरावीक वेळाने, पुन्हा पुन्हा. आनंदाबाईंनी स्टेरॉइडबद्दल गावात वाईटच ऐकलं होतं. पण बळ बाहेरून मिळत असेल तर मिळू द्या, असं म्हणून त्यांनी हात जोडले.

सुई दिल्यावर काही वेळाने यंत्रावरचे आकडे चढू लागले. मयुरी सिस्टर आनंदाबाईंकडे बघून हसली. आणि त्याच वेळी किसनराव उठून बसले.

उभ्या आयुष्यात त्यांनी बैलावरही हात उगारला नव्हता. त्या माणसाने डाव्या हाताची अशी एक चपराक लगावली की रत्नदीप नावाचा आडदांड वॉर्डबॉय औषधांच्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. नळ्या उपटल्या, चादर लाल झाली. चौघांनी मिळून त्यांना दाबलं आणि पट्ट्यांनी हात पलंगाच्या कठड्याला बांधले. किसनराव हिसके देत राहिले. तो लोखंडी कठडा आनंदाबाईंच्या डोळ्यांदेखत बाकला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्तातल्या जंतूंमुळे माणसाला असा भ्रम होतो, कधी या औषधानेही होतो. आनंदाबाईंनी मान हलवली. पण ही डाव्या हाताची चपराक त्यांच्या ओळखीची होती.

जयवंता त्यांचा चुलत दीर. डावखुरा, आग्या वेताळ. त्याच्या त्या हाताने त्याच्या बायकोचा, लीलाबाईचा, एक कान कायमचा गेला होता. याच चैत्रात भांडता भांडता तो अंगणात कोसळला आणि गेला. तिरडीसाठी बांबू किसनरावांच्याच बेटातून तोडले होते. उजवीकडून पुढचा खांदाही किसनरावांनीच दिला होता.

दुपार चढली तसा सुईचा जोर ओसरला. आकडे उतरले, हिसके थांबले आणि किसनरावांचा स्वतःचा बारीक आवाज परत आला.

"रजतची माय... बांबू माह्याच बेटातला होता. कवळा, हिरवागार. मोडाले जीवच नाई झाला..."

मांडवातला बांबू कुठून आला, ते आनंदाबाईंना उमगलं. त्यांच्या गावची रीत होती. प्रेत सरणावर ठेवलं की तिरडीचे बांबू दगडावर आपटून मोडायचे. मोडल्याचा आवाज झाला की मेलेला माणूस खांद्यावरून उतरला. मगच खांदेकरी हातपाय धुऊन घरी परततात. किसनरावांनी एक बांबू मोडला आणि दुसरा नाल्याकाठच्या बेशरमाच्या झुडपांत लपवून ठेवला. चांगली वस्तू वाया जाऊ नये म्हणून. त्याच बांबूवरची कारली आनंदाबाईंनी चिरून, मीठ लावून, परतून घरात सगळ्यांना वाढली होती.

पुढच्या सुईची वेळ झाली. मयुरी सिस्टर सिरिंज भरू लागली तशी आनंदाबाईंनी तिचा हात धरला. ही सुई नका देऊ, हिच्यानं जो उठते तो माहा माणूस नाही, असं त्या कळवळून सांगू लागल्या. डॉक्टरबाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

"काकू, नाही दिली तर संध्याकाळ बघणार नाहीत ते."

आनंदाबाईंनी पलंगाकडे पाहिलं. ओठ निळे पडले होते, बोटांची टोकं काळी. त्या म्हणाल्या, "द्या."

मग पदराने डोळे पुसून त्यांनी फोन काढला. रजत जनावरांच्या चारापाण्यासाठी घरी गेला होता. मांडवातला तो हिरवा बांबू उपट, दगडावर ठेव अन् कुऱ्हाडीनं मोड, असं त्यांनी सांगितलं. काऊन, असं त्याने विचारलं. आधी मोड, मग सांगीन, असं म्हणून फोन कानाशी तसाच धरून त्या पलंगाजवळ उभ्या राहिल्या.

आकडे चढले. डाव्या हाताची पट्टी तटकन तुटली आणि पाची बोटं आनंदाबाईंच्या गळ्यात रुतली. मयुरी ओरडत मदतीला धावली, पण बोटं सुटेनात. किसनरावांचं तोंड उघडलं आणि आतून जयवंताचा घोगरा आवाज आला.

"वहिनी... दादाले म्हनाव, खाली ठेव मले. किती दिवस फिरवून राह्यला..."

आनंदाबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. फोनमधून कुऱ्हाडीचा घाव ऐकू आला. बांबू कडाडला. तोच कडाका पलंगावरही झाला. गळ्यावरचा हात मनगट आणि कोपर यांच्यामध्ये मोडून लोंबकळला. कातडी फाडून पांढरं हाड वर आलं आणि रक्त आनंदाबाईंच्या तोंडावर उडालं. यंत्र केकाटू लागलं. आकडे भराभर खाली आले.

"आई, अर्धाच तुटला," फोनमधून रजत म्हणाला. "अजून एक घाव घालू का?"

किसनरावांचे डोळे आनंदाबाईंवर खिळले होते. त्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बघणारा दुसराच होता.

"मोड ना वहिनी..." तो लहान पोरासारखा म्हणाला. "थकलो मी..."

दारू पिऊन आल्यावरही या दिराला त्यांनी कधी उपाशी परत धाडलं नव्हतं. त्याने मागितलं आणि वहिनीने दिलं नाही, असं घडलं नव्हतं. आनंदाबाईंनी यंत्राकडे पाहिलं. नवऱ्याच्या निळ्या ओठांकडे पाहिलं.

"नको मोडू," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "सुतळीनं बांध त्याले, पक्का. अन् होता तिथं रोव."

पलंगावरून एक आवाज निघाला. कत्तलखान्याच्या दारात जनावर काढतं तसा. पाठ कमानीसारखी वर उचलली गेली, दात ओठांत रुतले. आणि मग हळूहळू, तिकडे सुतळीचे फेरे बसत गेले तसे, इकडे आकडे चढत गेले.

किसनराव वाचले. हात कसा मोडला याचं उत्तर डॉक्टरबाईंना सापडलं नाही. झटापटीत मोडला असावा, असं सगळ्यांनीच मानून घेतलं. जंतू हटले, बीपी आपलं आपण टिकू लागलं तशी सुई बंद झाली. सुई बंद झाली, तरी काहीच वाईट झालं नाही. आनंदाबाईंनी गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याच्या दिशेने हात जोडले.

घरी मांडव जसाच्या तसा होता. बांधलेल्या बांबूला सुतळीच्या वर कोवळं पान फुटलं होतं. आनंदाबाई रोज त्याच्या बुडाशी पाणी घालत. त्याची कारली मात्र त्या तोडत नसत. ती वेलावरच पिकून, फाटून, लाल बिया दाखवत गळून पडत.

किसनराव पुन्हा पहिल्यासारखे मऊ बोलू लागले. फक्त चालताना उजवा खांदा खाली झुकलेला असे. सदरा धुऊन वाळवून दिला तरी अंगात घालताच त्या खांद्यावर एक खोल, लांबट चूण बसे. भर उन्हात अंगण ओलांडताना ते अधूनमधून थांबत आणि खांदेकरी थांबतात तसे दम घेत.

एकदा असेच ते विहिरीजवळ थांबले. आनंदाबाई तांदूळ निवडत होत्या.

"रजतची माय, खांदा लय दुखून राह्यला," ते म्हणाले. "जराशिक तू घेतं का?"

शेतातून भारा घेऊन ते दमून येत, तेव्हा इतकी वर्षं आनंदाबाई अशाच पुढे होत आल्या होत्या. हातातलं सूप खाली ठेवून त्या उठल्या. काही विचार करायच्या आधीच तोंडून गेलं, "आना."

किसनरावांच्या सदऱ्यावरची चूण अलगद वर आली आणि कापड सरळ झालं. ते ताठ उभे राहिले आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी मोकळा श्वास घेतला.

त्यांच्या गावात बाया तिरडीला खांदा देत नाहीत. आनंदाबाईंच्या उजव्या खांद्यावरचा पदर मात्र वारा असूनही हलेनासा झाला. तो हळूहळू खाली दबत गेला... आणि ओझं घसरू नये म्हणून त्यांचा हात आपोआप वर गेला, तेव्हा बोटांना हिरव्या बांबूचं गार पेर लागलं.