काचपेटीतलं पत्र

पत्र गेल्याचं सोमवारी सकाळी कळलं.

माजी राष्ट्राध्यक्षांच्या घराचं आता संग्रहालय झालं होतं; तिथे मुलांचं सुट्टीतलं शिबिर चालू होतं. घर दाखवणारे काका मुलांना अभ्यासिकेत घेऊन आले आणि बोलता बोलता थांबले. काचपेटीत नुसतं हिरवं कापड होतं. धरण फुटल्यावर राष्ट्राध्यक्षांनी त्यातल्या पत्रात लिहिलं होतं, 'इशारा मला मिळाला होता. मी दुर्लक्ष केलं. चूक माझी.' नेतृत्व म्हणजे काय, हे काका त्या पत्रावरूनच शिकवत.

व्यवस्थापक आले. "पेटीची एक किल्ली माझ्या टेबलात, दुसरी तुमच्याकडे. संध्याकाळपर्यंत पत्र आणा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

काकांनी खिशातली किल्ली चाचपली.

शिबिरातली एक मुलगी, सगळ्यांची चष्मिस, पेटीला नाक लावून बघत होती. "काका, पत्र चिकटवलेलं होतं?"

"छे. डिंकाने कागद खराब होतो. काकूने चारही कोपऱ्यांवरून दोरा घेऊन ते कापडाला धरलं होतं." काकू म्हणजे त्यांची बायको. इथले कागद तीच सांभाळायची. मागच्या वर्षी ती गेली.

"पण हे कापड नवं आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही."

"म्हणजे पत्राला पाय फुटले आणि कापडालाही?" तिचा चुलतभाऊ बडबड्या म्हणाला.

"गप रे. काल इथल्या खुर्च्यांना नवी कापडं कोणी लावली?"

रस्त्याच्या टोकाला खुर्च्यांच्या गाद्या शिवणाऱ्याचं दुकान होतं. दोघं तिथे गेले. तो म्हणाला, "साहेबांनीच पेटी उघडून दिली. फोनवर होते. हातानेच खुणावलं, जुनं सगळं काढ. कागद कापडाला शिवलेला. मला वाटलं, तोही जुनाच."

"जुनाच आहे हो," बडबड्या म्हणाला. "म्हणून तर पेटीत होता."

दोघांनी चिंध्यांची गोणी उपसली. कापूस नाकात गेला, शिंका आल्या. तळाशी हिरवी गुंडाळी निघाली. आत पत्र होतं. तीन कोपरे जागच्या जागी, एकाचा दोरा तुटलेला.

परत आल्यावर चष्मिसने गुंडाळी व्यवस्थापकांच्या टेबलावर उलगडली. बडबड्याने भाबडा चेहरा केला. "साहेब, काल पेटी कोणी उघडली होती, आठवतंय?"

व्यवस्थापकांनी पत्र वाचलं. मग उठून काकांसमोर उभे राहिले. "मी उघडली होती. फोनच्या नादात बघितलंच नाही, आणि आळ तुमच्यावर घेतला. माफ करा."

"उद्या येऊ ना मग?" काकांनी विचारलं.

"आलंच पाहिजे."

काका मुलांकडे वळले. "सगळे चोर शोधत बसले असते. तुम्ही आधी कापड बघितलंत. काकूला तुम्ही फार आवडला असता."

जुनं कापड पुन्हा पेटीत अंथरलं. काकांनी सुई हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि खाली ठेवली. काकूचा तो टाका त्यांना येत नाही.

चौथा कोपरा अजून शिवायचा राहिला आहे.