हिरव्या काठाची जुडी

भिसेगावच्या आमच्या घरी माशांची काचेची टाकी आली, त्याच रात्री दिवे गेले. टाकीतलं पाणगवत तळाशी राहावं म्हणून दुकानदाराने त्याला शिशाची पट्टी गुंडाळून दिली होती. बुधाजीमामा टाकीकडे पाठ करूनच बसले.

"कुठलं गं हे गवत?"

"मुंबईचं."

"मुंबईत काय उगवतंय! आमच्या लोधिवलीच्या तळ्यातनं जायचं ते."

"मामा, हळू. ही पालीलाही दचकते," माझी बहीण जया माझ्याकडे बघून हसली.

मामा हसले नाहीत. सांगू लागले.

त्यांच्या ओळखीचा शुक्रा पाणगवत मुंबईच्या दुकानांना धाडायचा. पाण्यात उतरायची त्याच्याकडे कामाला असलेली कोंडी. तिने बुडी मारली की काठावरच्याने हाक द्यायची, "हाय का गं?" तिने वर येऊन म्हणायचं, "हाय!" उत्तर आलं नाही, तर उडी टाकायची. जुड्या ती जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाने बांधायची.

एका उन्हाळ्यात वीटभट्टीवाल्यांनी तळ्याचा तळ खणून नेला. मग पावसात तळं भरलं.

"पाय टेकत नाय रं," कोंडी म्हणाली.

"मग दुसरी बाई बघतो," शुक्रा म्हणाला.

ती उतरली. शुक्रा हायवेवर चहाला गेला. परतला तेव्हा पाणी हलत नव्हतं. गावाला त्याने सांगितलं, तिनं जीव दिला. तिच्या लेकीचं, आवडीचं, ठरलेलं लग्न मोडलं. 'आई तसली, लेक कशी असंल?'

पुढच्या वर्षीची, १९७६ ची सर्वपित्री. रात्रीचे पावणेदहा. शुक्रा अंगणातल्या पिंपात जुड्या भिजवत होता. आता त्यांना रबर असायचं.

पिंपातून आवाज आला.

"हाय का रं?"

शुक्राने आजूबाजूला पाहिलं.

"हाय का रं?"

समोरच्या ओट्यावर आवडी बसलेली. तिला ऐकू जाईल असं नुसतं खरं बोलायचं होतं... हात पाण्यात. पाणी गार. पिंपाला तळ लागेना...

तो बोलला नाही.

तिसरी हाक आलीच नाही.

सकाळी रबरं पाण्यावर तरंगत होती. प्रत्येक जुडीला हिरवा काठ. शुक्राने तशाच मुंबईला धाडल्या.

"हे तुम्हाला त्यानेच सांगितलं?" मी विचारलं.

"हां. मरताना."

"आणि चहाचं? तेही त्यानेच?"

मामांनी कंदिलाची वात खाली केली.

"चहाला... मीच नेला व्हता त्याला."

"मग आवडीला तुम्ही तरी खरं..."

मामा उठले. काठी न घेताच गेले.

दिवे आले. मामा बसले होते तिथे शिशाची पट्टी पडली होती. ओली.

टाकीतलं गवत तळाशीच होतं. हिरव्या काठाने बांधलेलं.