थिमिओसची मुखनळी

गेल्या वर्षीची गोष्ट. चौदा ऑगस्टची रात्र. दुसऱ्या दिवशी मरियमची जत्रा, म्हणून आमचा झीकोस भोंगे आणायला खाली कोनित्साला गेला होता. तोच झीकोस, हल्ली टॅक्सी चालवतो तो. हसू नकोस रे स्तेर्यिओ. तेव्हा तो क्लॅरिनेट वाजवायचा, आणि बरा वाजवायचा.

बरा म्हणतोय मी. थोर एकच होता, थिमिओस. वीस वर्षं त्याच्या शेजारी बसून मी लाऊतोच्या तारा छेडल्या. झीकोस त्याचा जिवाभावाचा मित्र, त्याच्या मागे दुसरा क्लॅरिनेट धरायचा. जिवंत होता तोवर याच गावानं थिमिओसला दारुडा म्हटलं, लग्नाच्या पंगतीत कोपऱ्यात बसवलं. मार्चमध्ये गेला तेव्हा मात्र सगळे गळा काढायला हजर. अजून तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या.

मरताना त्याचं एकच मागणं होतं. "माझा क्लॅरिनेट माझ्याबरोबर पुरा. दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लागू देऊ नका." झीकोसनं त्याचा हात हातात घेऊन हो म्हटलं. शवपेटीत क्लॅरिनेट ठेवलाही त्यानंच. पण वरची मुखनळी, जिला पत्ती बांधून ओठांत धरतात, ती काढून खिशात घातली. वाजवणाऱ्याचा सगळा आवाज त्या बोटभर तुकड्यात असतो. फुलांखाली कुणाला दिसलं नाही. मला दिसलं. मी गप्प बसलो. मलाही तो आवाज सोडवत नव्हता.

आपल्या जत्रेत आधी नाच नाही, आधी मेलेल्यांसाठी विलाप. तो त्या वर्षी झीकोस वाजवणार होता, तीच मुखनळी लावून.

"उद्या लोक म्हणतील, थिमिओस परत आला," कोनित्साला निघताना तो मला म्हणाला.

"गाढवा, त्यांना कान असते तर तो असताना नसतं का कळलं?" मी म्हटलं.

तर, परत येताना रात्रीचे दोन वाजून वीस मिनिटं. कबरस्तानाच्या वळणावर भोंग्यांची दोरी सैल झाली, म्हणून तो गाडीतून उतरला. वारा नाही. कुत्रं नाही. भिंतीपलीकडून काहीतरी ऐकू येत होतं.

सूर नव्हे. फुंकर.

लांब फुंकर... आणि क्लॅरिनेटच्या चाव्यांची टकटक. टक... टकटक... टक. बोटं विलापाचीच होती. झीकोसला पाठ होती ती. पण सूर नाही. मुखनळीशिवाय सूर फुटायचा कुठून?

"थिमिओ...?"

फुंकर थांबली.

मग पुन्हा सुरू झाली. जवळून.

झीकोस आत गेला. खिशातून मुखनळी काढली. जत्रेसाठी नवी पत्ती बांधली होती, अजून तोंडही न लावलेली. ती त्यानं कबरीच्या दगडावर ठेवली आणि गुडघे टेकले.

"घे बाबा. चुकलो मी. एकदा वाजव फक्त... म्हणजे मला कळेल, माफ केलंस."

टकटक थांबली.

फुंकरही थांबली.

तो वाट बघत बसला. तीन वाजले. चार वाजले.

काही नाही...

उजाडता उजाडता तो माझ्या दारात उभा. तोंड पांढरंफटक. त्यानं मूठ उघडली. मुखनळी.

"घेतली नाही होय त्यानं?" मी विचारलं.

"हात लावून बघ."

महिनाभर थेंब पडला नव्हता, दवसुद्धा नव्हतं. त्याचा तळहात कोरडा होता, नळीवर दगडाची धूळ होती. मी पत्तीवर बोट फिरवलं. ती ओली होती. वाजवण्याआधी माणूस ओठांत धरून भिजवतो ना, तशी.

"तोंडात धरली त्यानं," झीकोस म्हणाला. "माझ्यासाठी वाजवली नाही."