चारचा नको

परवा गुरुवारी वीज गेली तेव्हा घड्याळात आठला पाच कमी होते. बाळीचा नुकताच डोळा लागला होता. खाली ठेवली तर उठेल, म्हणून तिला मांडीवर घेऊन मी तशीच भिंतीला टेकून बसले होते. धाकटे भाऊजी मेणबत्तीच्या उजेडात आपल्या गिटारच्या अँपचे स्क्रू उघडत होते. आतला स्पीकर फाटला होता, त्याच्या जागी नवा आणला होता.

"किती ओहमचा?" मामंजींनी अंधारातूनच विचारलं.

"बारा इंची आहे बाबा. अगदी बरोब्बर बसतोय."

"चप्पल आणलीस का रे? मी इंच नाही विचारले."

"बसतोय ना? मग चालतंय."

मामंजी जवळ सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "तो पेचकस खाली ठेव. आणि हा शब्द माझ्यासमोर नको." आणि त्यांनी ही गोष्ट सांगितली. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

माझा एक दोस्त होता. रेडिओ, अँप दुरुस्त करायचा. हात चांगला, पण घाई भारी. काहीही विचारा, म्हणायचा, "चालतंय." लोकांनी नावच पाडलं, चालतंय. बायकोसुद्धा हाक मारायची, "अहो चालतंय, जेवायला या."

(भाऊजी हसले. मामंजी हसले नाहीत.)

मंगळवार होता, एकोणीस तारीख. संध्याकाळी सव्वासातला एक गिटारमास्तर अँप उचलून दुकानात आला. जुना, व्हॉल्व्हचा. म्हणाला, "आतला ट्रान्सफॉर्मर आता कुठे मिळत नाही. त्याला जपा. आमची मुलगी याच्यासमोरच बसायची. स्पीकरच्या मधल्या फुगीर कागदी टोपीत बोट खुपसायची, कितीही रागावलं तरी. पाच वर्षांची होती. तापात गेली." थोडं थांबून म्हणाला, "तिची आई खोलीबाहेर येत नाही. मी हा वाजवला की तेवढी दाराशी येऊन बसायची. आठ दिवसांपूर्वी स्पीकर फाटला. तेव्हापासून दारच उघडलं नाही. उद्या सकाळी नेऊ ना?"

"न्या की. जाळी पण लावून देतो, परत फाटायला नको."

अँपला आठ ओहमचा स्पीकर लागायचा, मागे तसं लिहिलं होतं. दुकानात आठचा एकच होता, सीलबंद खोक्यात, दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी ठेवलेला. दुसरा होता तो चारचा. चारचा लावला की असा अँप वाजतो. मोठ्यानेच वाजतो. पण आत ट्रान्सफॉर्मर तापत राहतो आणि एक दिवस जळून जातो. दोस्ताला हे पाठ होतं. तरी त्यानं चारचाच उचलला. म्हणाला, चालतंय.

स्पीकर बसवला. पुढून लोखंडी जाळी लावली, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. अँपच्या वायरी जोडायच्या आधी मागच्या बाजूनं मीटरचे चिमटे लावले. जुना काटेवाला मीटर. स्पीकरवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा मीटरवर थोडं कमीच दिसतं. काटा सव्वातीनवर येऊन थांबला. ठीक.

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. दुकानात तो एकटाच होता.

काटा उडाला.

थोडासाच. परत सव्वातीनवर आला.

त्याला वाटलं, बाहेरून ट्रक गेला असेल. कान दिले. रस्ता रिकामा होता.

परत उडाला. टुक... टुक.

आता बघ, स्पीकरचा कागद बोटानं दाबला की मीटरचा काटा असाच उडतो. हे कुठलाही मिस्त्री सांगेल. पण कागदापुढे तर जाळी होती. तो उठून पुढे आला. कुणी नाही. जाळीचे चारही स्क्रू घट्ट. दार बंद. कडी लावलेली.

त्यानं जाळीवर हाताचा पंजा पसरून ठेवला. पूर्ण झाकली. मान वळवून मीटरकडे बघितलं.

टुक.

पंजाखालून...

"कोण आहे?"

काटा स्थिर.

तो जाळीजवळ वाकला. हळूच बोलला. लहान पोराशी बोलावं तसं. "काय झालं बाळा? ...हा नको का?"

टुक.

"चारचा नको?"

टुक. टुक. टुक. टुक. टुक...

त्यानं चिमटे ओढून काढले. जाळी काढली. घाईत एक स्क्रू तीनदा पडला. चारचा बाहेर काढला. खोक्याचं सील फोडून आठचा बसवला. जाळी लावली. मीटर लावला. काटा साडेसहावर आला.

तो बघत बसला. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

काटा हलला नाही.

सकाळी अँप घेऊन तो स्वतः मास्तरच्या घरी गेला. मास्तरनं गिटार जोडली, एकच तार छेडली. बंद खोलीची कडी वाजली. बाई बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले. ती दाराशी बसली नाही. सरळ अँपपुढे येऊन बसली.

"जाळी काढा," म्हणाली.

मामंजी थांबले. भाऊजींनी मेणबत्ती जवळ ओढली, हातातला स्पीकर उलटा केला, आणि मागे छापलेला आकडा वाचला. त्यांनी तो खोक्यात परत घातला.

"मग, मामंजी?" मीच विचारलं. बाळीची मूठ मी कधी हातात घट्ट धरली, मला कळलंही नव्हतं.

"मग काय... दोस्तानं जाळी काढली. स्पीकर कोरा होता. खोक्याचं सील त्यानं स्वतःच्या हातानं फोडलेलं. त्यानंतर त्याला दुसरं कुणी शिवलेलं नाही." ते माझ्याकडे बघत नव्हते, बाळीकडे बघत होते. "मधल्या टोपीवर एक खळगा होता. बाईनं त्यात आपली करंगळी घालून बघितली..."

"आणि?"

"मावली नाही."