मंगळवारच्या कप्प्यातली पांढरी गोळी

सोमवारी सकाळी योमचा फोन वाजला. पलीकडे स्कॅनवाले डॉक्टर होते.

"ऑपरेशन रद्द करा. मुलाच्या लिव्हरवर पस्तीस टक्के चरबी आहे."

"पस्तीस? तीन महिन्यांपूर्वी तर बारा होती!"

"मी दोनदा मोजली."

योम हे-रान ही कोरियातल्या देगू शहरातल्या एका इस्पितळातली जुनी सिस्टर. कोण कुणाला लिव्हरचा तुकडा देणार, तो चालेल का, हे सगळं तीच बघायची. हा तुकडा जायचा होता ह्वांगसाहेबांना. टॉवेलच्या कारखान्याचे मालक. यकृताचा पार दगड झालेला आणि हातात तीन आठवडे. देणारा एकच, मुलगा जे-हा.

तीन महिन्यांपूर्वी साहेबांना भरती करताना योमनंच त्यांचा सतरा वर्षांपूर्वीचा स्कॅन शोधून काढला होता. थोरल्या मुलीच्या आजारपणात केलेला. "साहेब, तेव्हा लिव्हर काचेसारखं स्वच्छ होतं हो! काय करून घेतलंत?" अशी थट्टाही केली होती. साहेब हसले नव्हते. त्यांची बायको सुन-रे शेजारीच पिशवी धरून उभी होती.

वॉर्डात साहेब पिवळेजर्द पडले होते, पण जीभ शाबूत होती.

"चोरून खाल्लं असणार! तळलेली कोंबडी, नाहीतर रामेन. बाप मरतोय आणि ह्याला जीभ आवरत नाही. नालायक!"

जे-हा मान खाली घालून उभा होता. एकोणतीस वर्षांचा पोरगा. चेहरा गोल गरगरीत, गाल लाल. पण बाहीतून दिसणारी मनगटं मात्र नुसत्या काटक्या. योमची नजर तिथेच अडकली.

कोपऱ्यात सुन-रे नाशपाती सोलत होती. सोलत कसली, सुरी दोनदा हातातून निसटली. बोटांचे सांधे सुजून टम्म झाले होते.

योमनं सुरी आपल्या हातात घेतली. "आई, सांधेदुखीची औषधं घेता ना? दर महिन्याला खालच्या औषधाच्या दुकानातून पुड्यांची माळ नेताना दिसता."

"घेते की. वय झालं, सिस्टर. आता कशाचाच गुण येत नाही."

योमनं जे-हाला व्हरांड्यात नेलं.

"खरं सांग. दारू?"

"थेंब नाही."

"रात्री काय खातोस?"

"उकडलेली कोंबडी, एक रताळं. रोज दहा किलोमीटर चालतो. पण सिस्टर, भूक मरतच नाही. झोप येत नाही, उगाच रडू येतं. मीच मारतोय ना बाबांना?"

"औषधं?"

"नाही हो. फक्त व्हिटॅमिन. आई भरून देते."

त्यानं खिशातून सात कप्प्यांची डबी काढली. प्रत्येक कप्प्यात तीन गोळ्या. एक पिवळी, एक तपकिरी, आणि एक बारीक पांढरी. योमनं मंगळवारच्या कप्प्यातली पांढरी गोळी उचलून रुमालात बांधली.

आधी ती खालच्या औषधवाल्याकडे गेली. मग तळघरातल्या दप्तरखान्यात. वर आली तेव्हा तिच्या काखेत एक जुनी फाइल होती.

दुपारी तिनं मायलेकांना आपल्या खोलीत बसवलं आणि दार लावलं.

"जे-हा, तू काही चोरून खाल्लेलं नाहीस. चेहरा फुगतो, हातपाय वाळतात, भूक खवळते, झोप उडते, लिव्हरवर चरबी चढते. हे सगळं एकाच औषधानं होऊ शकतं. स्टेरॉइड. औषधवाल्यानं गोळी ओळखली. एकदम बंद करू नकोस, डॉक्टर हळूहळू कमी करतील."

"पण ती माझ्याकडे आली कुठून?"

"सांधेदुखीच्या पुडीतून. एका पुडीत एका वेळच्या सगळ्या गोळ्या. आई दर महिन्याला पुड्या नेतात, तरी बोटं सुजलेलीच. म्हणजे पांढरी गोळी त्या गिळत नाहीत. तुझ्या डबीत टाकतात."

जे-हा आईकडे बघतच राहिला.

"आधी वाटलं, पोराला सुरीपासून वाचवायचं असेल. पण त्यासाठी एवढं कशाला? मुलानं नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ज्याला द्यायचं नसतं, त्याची लाज आम्हीच राखतो. घरच्यांना सांगतो, 'लिव्हरवर चरबी आहे, चालणार नाही.'" योमनं फाइल उघडली. "सतरा वर्षांपूर्वी जी-वोनला, तुमच्या मुलीला, साहेब लिव्हर देणार होते. घरी हेच कारण सांगितलं गेलं. स्कॅन स्वच्छ होता. इथे लिहिलंय, 'दात्याची इच्छा नाही.' आई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सुन-रेनं पहिल्यांदाच मान वर केली.

"तुम्हीच. काचेसारखं स्वच्छ, म्हणालात ना?"

योमला भरतीच्या दिवशीची आपली थट्टा आठवली.

"माझं लिव्हर तेव्हा चाललं नाही," सुन-रे शांतपणे म्हणाली. "त्याचं चालत होतं. एकोणीस वर्षांची पोर मरताना मला सांगत होती, 'आई, बाबांना रागावू नकोस. त्यांना चरबी आहे, ते तरी काय करणार?' म्हणून मी त्याला त्याचेच शब्द परत दिले. बोलवा पोलीस. मला वाईट वाटत नाही."

"चरबी उतरायला किती दिवस लागतील, सिस्टर?" जे-हानं विचारलं.

"दोन महिने तरी."

तो उठला. "जी-वोनताई बापाला माफ करत गेली. मी रोज त्यांच्या पायाशी बसून माफी मागत होतो, आई. तुझ्यासमोर. तू नाशपाती सोलत होतीस."

सुन-रेनं त्याचा हात धरायला बोटं पुढे केली. सुजलेल्या बोटांना पकड आली नाही.

जे-हानं टेबलावरची फाइल उचलली. योमनं अडवलं नाही. आता कुठल्या तोंडानं अडवणार?

वॉर्डाचं दार उघडताच साहेब गरजले, "काय रे, सापडलं का काय चोरून खाल्लंस ते?"

"सापडलं, बाबा."

त्यानं फाइलमधला तो जुना कागद त्यांच्या छातीवर ठेवला, चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला, आणि ते वाचून होईपर्यंत खाटेशी उभा राहिला.